आधी आम्ही सोडलं, की गिधाडं गेली

मागच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला जंगल खात्यात रोजंदारीचं काम मिळालं आणि त्याच दिवशी बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. गावाकडच्या घरात माणसं तीनच, बाबा, आई आणि तो. मी बोथला शाळेत शिकवते, तिथेच राहते, रविवारी घरी जाते. तिघांतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत म्हटल्यावर निरोप पोचवण्याचा धंदा आईकडे आला आणि रविवारी माझ्याकडे. "त्याले सांग, भाकर खाऊन घे म्हणा." "बाबाले सांग, खाल्ली." दोघे एकाच ओसरीवर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर बसलेले. मला हसू यायचं आणि रागही यायचा, पण तो कोणावर काढावा ते कळायचं नाही.

काम गिधाडांचं होतं. आमचं गाव तेलंगणात, बोथपासून आत, महाराष्ट्राच्या हद्दीकडे. एका अंगाला कपाशी-ज्वारीची रानं, दुसऱ्या अंगाला सागाचं जंगल. गावामागच्या गायरानात एक माळ आहे, त्याला जुनी माणसं ढोरफोडी म्हणतात. गावात बैल मेला, गाय मेली, की पूर्वी तिथे ओढत नेऊन टाकायची, कातडं काढायचं आणि बाकीचं गिधाडांना सोडायचं. हे ओढण्या-सोलण्याचं काम कोणाकडे होतं ते वेगळं सांगायला नको. आमच्या वस्तीकडे होतं. आजोबांनी जन्मभर केलं, बाबांनीही तरुणपणी केलं. मग एका बुद्धजयंतीला आमच्या वस्तीतल्या सगळ्या घरांनी विहारासमोर उभं राहून ठरवलं, की यापुढे मेलेल्या ढोराला हात लावायचा नाही. आसपासच्या गावांनी कधीच सोडलं होतं, आमच्या गावाला उशीर झाला. पुढाकार बाबांचा होता. मी तेव्हा लहान होते आणि भावाचा तर अजून पत्ताच नव्हता.

त्यानंतर काही वर्षांत गिधाडं दिसेनाशी झाली.

या दोन गोष्टी अशा पाठोपाठ झाल्या, की गावाने त्यांची गाठच मारून टाकली. आमच्याकडची पाटीलकी, म्हणजे पटेलकी, सरकारने केव्हाच काढून टाकली, तरी गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सगळे अजून पटेलच म्हणतात. ते हॉटेलात चहा पिता पिता बाबांना हमखास म्हणायचे, "तुमी सोडलं अन् गिधाडं बी गाव सोडून गेले." त्यात टोमणा किती आणि थट्टा किती, हे मला इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही. बाबा उरलेला चहा एका घोटात संपवायचे आणि ताठ मानेनं उठून यायचे. त्या ताठ मानेचा अर्थ आम्ही घरच्यांनी आमच्यापुरता लावून ठेवला होता. बाबांना त्या बोलण्याचा अभिमान वाटतो, असा. आपण एक शब्द दिला आणि आभाळातली पाखरंसुद्धा हलली, हे काही लहान नाही.

गिधाडं मला चांगली आठवतात. बाबा कातडं काढत असले, की मी आणि वस्तीतल्या एक-दोन पोरी खडे घेऊन त्यांना थोपवायला बसायचो. आधी कावळे यायचे, मग घारी. मग खूप वर नुसते ठिपके फिरताना दिसायचे, आणि आपण खाली बघून पुन्हा वर बघेपर्यंत माळावर दाटी झालेली असायची. पण ती लगेच तुटून पडत नसत. जरा लांब, मान खांद्यात घालून, लग्नात दुसऱ्या पंगतीची वाट बघणाऱ्या मंडळींसारखी बसून राहायची. खडा मारला तर दोन उड्या मागे आणि थोड्या वेळाने परत तिथेच. बाबा बाजूला झाले, की मात्र सगळा सभ्यपणा संपायचा. फिसकारणं, ओढाओढ, एकमेकांच्या पाठीवर चढणं. खाऊन इतकी जड व्हायची, की उडायला जमायचं नाही. मग पंख पसरून माळावरून नुसती धावत सुटायची, आणि आम्ही पोरी त्यांच्या मागे. घरी आलं की आई आम्हाला उंबऱ्याच्या बाहेरच आंघोळ घालायची, कारण अंगाला वास भरलेला असायचा.

त्या पाखरांची मला आठवण येते का? येते. त्या कामाची येते का? अजिबात नाही. पण दोन्ही आठवणी एकाच माळावरच्या आहेत. एकीला बोलावलं, की दुसरी न बोलावता येऊन बसते. त्यामुळे गिधाडं मला आवडायची की नाही, हे मी आजतागायत ठरवू शकलेले नाही. शाळेत पर्यावरणाच्या तासाला ती येतात, 'निसर्गाचे सफाई कामगार' म्हणून. हे शब्द फळ्यावर लिहिताना दर वर्षी माझा खडू मोडतो. पाखराचं कौतुक करायला दुसरं काही सुचलं नाही का कोणाला? पाखरानं घाण साफ केली तर त्याचं गुणगान, आणि माणसानं केली तर त्याला पाणी वरून ओतायचं. पण हे चौथीच्या पोरांना कसं सांगणार? "टीचर, आपल्याकडं काऊन नाही गिधाडं?" असं ती विचारतात. मी म्हणते, पुढचा धडा काढा.

तर मागच्या उन्हाळ्यात जंगल खात्याचा बीट ऑफिसर आमच्या घरी आला. आदिलाबादचा तेलुगू मुलगा, बोलायला गोड, आमच्याशी हिंदीत बोलायचा. त्याने सांगितलं, की वांकिडीकडच्या डोंगरात एका कड्यावर गिधाडं अजून शिल्लक आहेत आणि त्यातलं एखाददुसरं उडत उडत इकडच्या आभाळात दिसलं आहे. म्हणून खात्याने आमच्या जुन्या माळाला कुंपण घालायचं ठरवलं आहे. गावोगाव जनावरं मरतात, ती आणून तिथे ठेवायची, म्हणजे पाखरं पुन्हा येतील. फक्त एक अट होती. ढोराला सूज उतरायला, दुखणं कमी व्हायला जी एक सुई द्यायचे, तिचं औषध मेलेल्या ढोराच्या मांसात राहतं. ते खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं आणि चार दिवसांत पाखरू मान टाकतं. सगळ्या देशात गिधाडं अशीच गेली. आता त्या औषधाला जनावरांसाठी बंदी आहे. तरी प्रत्येक ढोराची चौकशी करायची, सुई दिलेली नसेल तरच माळावर घ्यायचं. यासाठी एक राखणदार हवा होता, आणि माझा भाऊ डिग्री करून, सरकारी परीक्षा देऊन देऊन थकून घरी बसला होता.

भाऊ तेलुगू शाळेत शिकला. गिधाडाला तो राबंदुच म्हणतो. जन्मात एक पाहिलेलं नव्हतं, पण फोनवर बघून बघून त्याचं सगळं पाठ होतं. त्याने ऑफिसरला लगेच हो म्हटलं. ऑफिसर खूश झाला, आईने चहा दिला, आणि चहा पिता पिता तो बाबांकडे वळून मनापासून म्हणाला, "अच्छा हुआ काका. आप लोगों को तो इस काम का पुराना तजुर्बा है." त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण बाबांनी कप खाली ठेवला आणि ते आत निघून गेले. ऑफिसर बिचारा माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याला काय समजावून सांगावं हे मला हिंदीत तर सोडाच, मराठीतही सुचलं नाही.

तो गेल्यावर बाबा बाहेर आले.

"मेलेले ढोरं ओढाले तुले डिग्री करू देली काय मी?"

"ओढणार नाही बाबा. ज्याचं ढोर त्यानं आणाचं, त्यानं टाकाचं. मी हात लावणार नाही. सुई देली होती का इचारीन, कुत्रे हाकलीन, राबंदु आले का पाहीन. बस."

"आज पाहशील. उद्या कोणी म्हणन, धर रे जरा. मंग?"

"नाही धरणार."

"एकदा वाकला ना माणूस तिथं, मंग सरळ नाही होत. मी वाकलेलो हाये, मले माईत हाये." आणि मग शांतपणे म्हणाले, "तू जाशील त्या कामाले, तर माह्याशी बोलू नको."

भाऊ गेला. बाबा शब्दाचे पक्के.

मी दोघांच्या मधे उभी. रविवारी सकाळी बाबांशेजारी बसले, की वाटायचं, बाबांचंच बरोबर. ज्या माळावरून त्यांनी सगळ्या वस्तीला हाताला धरून बाहेर काढलं, त्याच माळावर त्यांचा मुलगा खाकी शर्ट घालून परत जातो, हे बघणं काय सोपं आहे? दुपारी भावासोबत माळावर गेले, की वाटायचं, ह्याचं बरोबर. हा काही कोणाचं बलुतं करत नाही, पगार घेतो, दुर्बीण गळ्यात घालून फिरतो, आणि गावातले लोक याला विचारल्याशिवाय तिथे काही टाकू शकत नाहीत. संध्याकाळी बसमध्ये बसेपर्यंत माझं डोकं ताक घुसळावं तसं झालेलं असायचं. नवरा विचारायचा, काय म्हणते घर. मी म्हणायचे, विचारू नका.

मग मला वाटलं, बाबांना सुईचं नीट समजावून सांगावं. गिधाडं आपल्यामुळे गेलीच नाहीत, तर ती परत येण्या-न येण्याचाही आपल्याशी काही संबंध नाही, हे एकदा त्यांच्या डोक्यात बसलं की कदाचित राग निवळेल. एक भीतीही होती. आयुष्यभर जी गोष्ट त्यांनी छातीवर मिरवली, ती मी काढून घेते आहे, असं त्यांना वाटलं तर? तरी मी धीर करून बोलले.

"बाबा, गिधाडं आपल्यानं नाही गेले. त्या दुखण्याच्या सुईनं गेले. सगळीकडंच गेले, जिथं कोणी काही सोडलं नव्हतं तिथले बी गेले."

ते म्हणाले, "आपल्या गावात कधी आली ते सुई?"

"मले काय माईत?"

"आपण सोडलं त्याच्या अगोदर आली का मागून आली?"

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्याच्या पुढच्याही. शेवटी मी वैतागून खरंच शोध घ्यायला निघाले.

बोथच्या बस स्टँडजवळ जनावरांच्या दवाखान्यातले एक निवृत्त कंपाउंडर राहतात. त्यांनी आधी छातीठोक सांगितलं, की ती सुई फार पुरानी, ते नोकरीला लागले तेव्हापासूनची. मग थोडा विचार करून म्हणाले, नाही, ती दुसरी होती, लाल बाटलीची. ही नंतर आली. किती नंतर? त्यांनी बायकोला हाक मारली, तिने सांगितलं, आपली मोठी पोरगी बाळंतपणाला आली होती तेव्हा. मग दोघांची कोणत्या बाळंतपणाला यावरून जुंपली आणि मी चहा पिऊन निघाले. पटेलांना विचारलं, गिधाडं नक्की कोणत्या वर्षी गेली? ते म्हणाले, मोठ्या विजेची लाइन आली, त्या वर्षी. वस्तीतली एक काकू म्हणाली, छे, आपण शपथ घेतली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात माळ रिकामा होता, मी माह्या डोळ्यानं पाह्यला. आणि आई म्हणाली, भाऊ पोटात होता तेव्हा अंगणात पापड वाळत घातले होते आणि त्यावरून गिधाडांच्या सावल्या जायच्या. मग स्वतःच म्हणाली, का घारी होत्या त्या, कोण जाणे.

म्हणजे त्यांना जाताना कोणीच पाहिलं नव्हतं. इतकी मोठी पाखरं, माळ भरून बसणारी, आणि गावातल्या एकाही माणसाला ती शेवटची कधी दिसली हे सांगता येऊ नये? मला आधी गावाची चीड आली, मग लक्षात आलं, मी तरी कुठे सांगू शकते. मी तेव्हा हायस्कूलला होते, आभाळाकडे बघायला मला वेळ नव्हता.

बरं, सगळीच शिकारी पाखरं गेली म्हणावं, तर तसंही नाही. हायवेला कोंबडीची दुकानं झाली तिथे घारी पूर्वीपेक्षा जास्त आहेत, पोरांच्या हातातला डबा उचलून नेतात. कपाशीच्या रानात तारेवर ती पांढरी, लाल डोळ्यांची कापशी घार बसलेली असतेच. शाळेच्या लिंबावर शिक्रा येतो, सगळ्या चिमण्या गप्प करून जातो. मी भावाला विचारलं, घारीही मेलेलंच खातात ना, मग त्या कशा वाढल्या? तो म्हणाला, प्रत्येक पाखराचं शरीर वेगळं, शिवाय त्या उकिरड्यावरही जगतात, पण खरं सांगू ताई, मले बी पुरतं नाही समजत. एकदा तर पटेलांनी फोन करून सगळ्यांना तळ्यावर बोलावलं, गिधाड आलं म्हणून. टक्कल होतं, मान उघडी होती, खांदे पाडून उभं होतं. अर्धं गाव जमलं. निघाला करकोच्याच्या जातीचा एक म्हातारा पक्षी, बेडूक खात होता. पटेल म्हणाले, टक्कल पाहून फसलो, माह्या घरी बी तसंच हाये.

बाबांना मी सांगितलं, कोणालाच माहीत नाही. ते हो म्हणाले आणि थोड्या वेळाने पुन्हा, "पण तुह्या अंदाजानं?" मला राग आला. "तुमाले आता अगोदर-मागून घेऊन काय कराचं हाये बाबा?" "तसंच," ते म्हणाले. मला वाटलं, श्रेय सोडवत नाही म्हाताऱ्याला.

मग ऐन उन्हात पटेलांचा बैल मेला. सुई दिली नव्हती, एका रात्रीत गेला होता. भावाच्या माळावर येणारं हे आपल्या गावातलं पहिलंच ढोर. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी गावातच होते. पटेल आणि त्यांचा मुलगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बैल घालून घेऊन आले. ट्रॉली जुनी, आपोआप उलटणारी नव्हती, बैल हातांनीच ओढून खाली घ्यावा लागणार होता. मी सहज मागे बघितलं तर लांब मोहाच्या झाडाखाली बाबा उभे. ते कधी आले होते मला कळलं नाही.

पटेल मुलाबरोबर दोन हिसके देऊन दमले आणि भावाकडे वळून म्हणाले, "धर रे बाबू जरा मांगून. तुमाले सवय हाये."

भाऊ जागचा हलला नाही. "पटेल, माहं काम पाहाचं हाये. कुंपणाच्या आत, त्या दगडाजवळ टाका."

पटेलांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग लांबवर बाबांकडे. मला वाटलं आता काहीतरी बोलतील आणि सगळं नासेल. पण त्यांनी धोतराचा काचा वर खोचून बैलाचे पाय धरले. बापलेकांनी तो बैल खाली घेतला, ओढत दगडापर्यंत नेला. आम्ही तिघं, मी, भाऊ आणि लांब उभे असलेले बाबा, नुसते बघत होतो. टाकीवर हात धुताना पटेल मला म्हणाले, "मेल्यावर इतकं जड होते का व बाई हे? आजवर माईतच नव्हतं." ते खरंच नवल करत होते. मी त्यांच्या हातावर पाणी ओतलं.

परत वळून पाहिलं तर बाबा निघून गेले होते. मी घाईने घरी आले. म्हटलं आज हे प्रकरण मिटलं. मुलानं शब्द पाळला, खुद्द पटेलांसमोर पाळला, आता बाबांचा आक्षेप कशाला राहील? संध्याकाळी जेवायला बसलो, आणि बाबा आईला म्हणाले, "त्याले सांग, ठेचा घे म्हणा."

मी हातातला घास खाली ठेवला. मला काही कळेना. आईलाही कळेना. भावाने ठेचा घेतला आणि मान खाली घालून जेवला.

त्या बैलावर कावळे आले, घारी आल्या, कुत्री तर कुंपणाखालून माती उकरून आली. गिधाड एकही आलं नाही. मी बोथला परतल्यावर बाबा रोज मला फोन करायचे, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं, आणि मी भावाला विचारून त्यांना सांगायचे. "आले काय?" "नाही बाबा." "बरं." त्या 'बरं'मध्ये सुटकेचा श्वास होता, फोनवरसुद्धा ऐकू यायचा. पुढेही ढोरं आली, दूरच्या गावांतून आली, ज्याची त्याने आणली, आणि गिधाडं आली नाहीत. ऑफिसर तोंड पाडून यायचा आणि जायचा. खातं हे काम बंद करणार असं ऐकू येऊ लागलं, भाऊ वाळत चालला, आणि बाबांचं मात्र तेच 'बरं'. एका रविवारी मी ताडकन म्हटलं, "तुमाले आनंद होऊन राह्यला ना बाबा? लेकाचं काम जाईल त्याचा?" बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच गप्प झाले. पण त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं नाही. राग नव्हता. मी रागाला तयार होते.

कपाशीची बोंडं उमलायला लागली होती. रविवार होता, मी आईसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. भाऊ धावत आला. घामेजलेला, चपला कुठेतरी सोडून आलेला. बाबा समोरच होते, तरी सवयीने तो आईला म्हणाला, "बाबाले सांग, राबंदु आले."

बाबा उठले. "खरं?" त्यांनी मला विचारलं. जणू मीच आले होते माळावरून. मग टोपीही न घेता ते चालायला लागले. इतके भराभर, की मला पळावं लागत होतं.

कुंपणाच्या पलीकडे एका म्हशीवर घारी आणि कावळे होते, आणि जरा लांब, मान खांद्यात घालून, दोन-चार मोठी पाखरं बसली होती. मला ओळखायला क्षणही लागला नाही. भाऊ हळू आवाजात सांगत होता, सकाळपासून वर फिरत होती, आता उतरली. त्याने गळ्यातली दुर्बीण काढली आणि माझ्याकडे दिली, मी ती बाबांच्या हातात दिली. बाबांना ती डोळ्याला लावता येईना. कधी बाहेरची काच आपल्याकडे करायचे, कधी दोन्ही डोळे मिटायचे. शेवटी जमलं. आणि मग ते हललेच नाहीत. एक पाखरू पुढे सरकलं, म्हशीच्या पोटाशी गेलं, खायला लागलं. मग दुसरं.

"इतके वर्षं कोठी होते हे?" बाबांनी विचारलं.

दुर्बीण डोळ्यालाच होती. प्रश्न मला नव्हता. भावाने माझ्याकडे बघितलं, निरोप सांगण्यासाठी तोंड उघडलं, आणि मग त्याला कळलं. "वांकिडीकडच्या कड्यावर, बाबा. तिकडं थोडे वाचले होते."

"खात काय होते?"

"जंगलात मेलेलं. अन् ज्या ढोराले सुई नाही लागली ते."

"अन् आपल्या इथले? ते उपाशी मेले?"

"उपाशी कसे मरतील बाबा? तुमी सोडलं तरी ढोरं मरतच होते ना. पटेल अन् बाकीचे गाडीले बांधून, ट्रॅक्टरले बांधून कुठी ना कुठी टाकतच होते. खायाले कमी नव्हतं. खाण्यातच औषध होतं."

बाबांनी दुर्बीण खाली घेतली. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "मले वाटे, आपण त्यायच्या समोरचं ताट ओढलं," ते म्हणाले. "आपल्या इज्जतीसाठी आपण सोडलं, अन् हे वाट पाहून पाहून मेले. तू काम धरलं अन् इथं ढोरं पडताच हे आले असते, तर आपल्यानंच मेले हेच खरं ठरलं असतं. म्हणून नको म्हणो मी."

इतकी वर्षं ती ताठ मान मी बघत होते.

"कोणाले सांगाचं?" बाबा पुढे म्हणाले. "सांगतलं असतं, तर गाव म्हणलं असतं, पाहा, पस्तावला."

"पस्तावला होता काय?" मी विचारलं.

"सोडल्याचा? एक दिवस बी नाही." ते पुन्हा पाखरांकडे बघायला लागले. "पण ते तर आपल्या भरवशावर येत ना माय."

मग त्यांनी दुर्बीण माझ्याकडे न देता थेट भावाच्या हातात दिली.